कॉलिन बोकडाची बाजू

न्यूझीलंडला जाऊन आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात, मेंढ्या किती होत्या आणि थंडी किती होती. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मी या दोन प्रश्नांवर बरीच वर्षं काढली. उकळणारा चिखल सांगितला, गरम पाण्याचे झरे सांगितले, विमानतळावर हिने आणलेला आंब्याच्या लोणच्याचा डबा तिथल्या अधिकाऱ्यांनी हातमोजे घालून कसा उघडला तेही सांगितलं. बोकडाचं मात्र कधी सांगितलं नाही. "तिकडे शेजार कसा होता हो?" असं कोणी विचारलं की मी गुडघेदुखीचा विषय काढायचो. आता गुडघे खरोखरच दुखतात, त्यामुळे ते कारण पुढे करायला लाज वाटते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पिवळा देश

२००८ सालच्या सुरुवातीला आम्ही दोघं मंदारकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे गेलो. तो हॅमिल्टनजवळ ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि सून शिल्पा हॉस्पिटलात फार्मसिस्ट. त्यांचं घर गावाबाहेर, सगळीकडे कुरणं. हिरवागार देश म्हणून आम्ही दोन छत्र्या आणि चार स्वेटर घेऊन उतरलो, आणि पाहतो तर गवत कडब्यासारखं पिवळं. त्या उन्हाळ्यात तिकडे मोठा दुष्काळ पडला होता. गायी कुंपणाला तोंड लावून रस्त्याकडे बघत उभ्या असायच्या, जणू कोणी टँकर घेऊन येणार आहे.

"बाबा, इथे नळ आहे पण नगरपालिका नाही," मंदारने पहिल्याच दिवशी समजावलं. "छपरावर पडेल ते पन्हाळीतून टाकीत, टाकीतलं पंपाने घरात. पाऊस नाही तर काही नाही."

शिल्पाने न्हाणीघरात अंडी उकडायचं घड्याळ ठेवलं होतं. ते वाजायच्या आत अंघोळ संपवायची.

"यांना जैसलमेरला नुसता साबण शोधायला तेवढा वेळ लागायचा," कुमुद म्हणाली. कुमुद म्हणजे माझी पत्नी.

जैसलमेरचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. मी टेलिफोन खात्यात होतो आणि तरुणपणी काही वर्षं माझी बदली तिथे होती. वाळवंटातलं गाव, वर्षाकाठी चार सरी पडल्या तरी लोक पेढे वाटायचे. आमचे घरमालक पूनमचंदजी. त्यांच्या अंगणाखाली टांका होता, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा चुनेगच्ची हौद. गच्चीवर पडलेला थेंब न थेंब त्यात उतरायचा आणि घर त्यावर वर्ष काढायचं. परातीत पाट ठेवून अंघोळ करायची, परातीतलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला आणि फरशीचं उंटाला किंवा झाडाला, जो आधी भेटेल त्याला. टांक्याजवळ चपला घालून जायचं नाही. देवळाबाहेर काढतो तशा काढून जोडीने ठेवायच्या.

दुष्काळाने खूश झालेली एकच व्यक्ती मला त्या देशात दिसली, ती म्हणजे कुमुद. "असं कोरडं ऊन पुण्यात नाही मिळायचं," म्हणत तिने माउंट रॉस्किलच्या भारतीय दुकानातून साबुदाणा आणि उडदाचं पीठ आणवलं आणि लाकडी डेकवर, म्हणजे ओट्यावर, चादर टाकून पापड वाळत घातले. तिसऱ्या दिवशी चादर होती, पापड नव्हते. शेजारच्या कुंपणापलीकडे एक पांढरा बोकड मिरपुडीने शिंका देत उभा होता.

अशी कॉलिनची ओळख झाली.

जॉइस

बोकडाच्या मागोमाग त्याची मालकीण आली. जॉइस माझ्याच वयाची, उंच, पायात रबरी सपाता आणि डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. आई मेलेलं करडू त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलं, तोच हा कॉलिन. जॉइस त्याच्याशी दिवसभर बोलायची आणि तो अधूनमधून उत्तर दिल्यासारखं करायचा. पापडांच्या बदल्यात तिने चीज घातलेले गरम स्कोन, म्हणजे तिकडचे छोटे गोल पाव, आणले होते.

"माझ्या बोकडाच्या वतीने माफी मागते, भाल," ती म्हणाली. माझं नाव भालचंद्र. तिने पहिल्याच दिवशी चंद्र काढून टाकला होता.

ही तिची पहिली माफी. वाचकांनी मोजत राहावं.

कॉलिनला एक खोड होती. जिथे दांडा दिसेल तिथे शिंगं घासायची. फाटकाची कडी, सायकलचं हँडल, काहीही. जॉइसच्या टाकीला तळाशी दांड्याचा वॉल्व्ह होता, तोही त्याचा लाडका. ती त्याला रोज ओरडायची, "कॉलिन, ते नाही." तो थांबायचा आणि ती वळली की पुन्हा सुरू करायचा.

मी जैसलमेरला राहिलो आहे हे कळल्यावर जॉइसचे डोळे चमकले. "आमच्या गावच्या हॉलमध्ये सांगाल का सगळ्यांना? इथे लोक घाबरले आहेत. पूर्वी पाऊस वेळेवर यायचा, आता त्याचं काही खरं राहिलं नाही. तुमच्या गावाला कसं जमलं?"

आता खरं सांगायचं, तर जैसलमेरला पाणी वाचवायचं काम पूनमचंदजींच्या घरच्या बायका आणि कुमुद करायच्या. मी टेलिफोनच्या खांबांवर असायचो. टांका साफ करताना मी एकदाच हजर होतो, तेही बॅटरी धरायला. पण हॉलमध्ये तीसेक गोरी माणसं, दोन माओरी जोडपी आणि चहाची भली मोठी किटली समोर बघून माझ्या तोंडून सगळीकडे "आम्ही" यायला लागलं. आम्ही हौद बांधतो. आम्ही थेंब साठवतो. शेवटी तर मी सांगितलं, "पावसाआधी आम्ही टांका पूर्ण रिकामा करतो, घासून काढतो. जुन्या पाण्यावर नवं पाणी कधी घेत नाही." टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवर कुमुद स्कोन खात होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तिचे हात गुंतलेले होते असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवसापासून जॉइस लहान मुलांच्या टबात उभी राहून अंघोळ करू लागली आणि ते पाणी डेलियाच्या झाडांना घालू लागली. "भाल सांगतो तसं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझी छाती फुगली. फुगलेल्या छातीचा माणूस पुढे काय करेल, सांगता येत नाही.

ढग

टीव्हीवर सांगितलं की गुरुवारी पश्चिमेकडून सरी येणार. गुरुवारी सकाळी खरोखरच ढग आले. काळे, जाड, पोटात पाणी असलेले. जैसलमेरला असे ढग दिसले असते तर लोकांनी गच्चीवर चढून थाळ्या वाजवल्या असत्या.

त्या दिवशी जॉइसच्या डोळ्यांची तपासणी होती. शिल्पा कामावर जाताना तिला गाडीतून घेऊन गेली. जाताना जॉइस मला म्हणाली, "कॉलिनला दुपारी थोडा पाला टाकाल का?"

पाला टाकायला गेलो आणि तिच्या टाकीकडे लक्ष गेलं. शिडीचे चार दांडे चढून झाकण उचललं. तळाला वीतभर पाणी, वर पानं तरंगत होती, एक मेलेला बेडूक आणि कुबट वास. बिचारी हे पीत होती. वर ढग गडगडले. मला वाटलं, ही म्हातारी डोळ्यांत औषध घालून परत येईल, तोवर तिची टाकी स्वच्छ झालेली असेल आणि वरून ताजा पाऊस भरत असेल. ती म्हणेल, भाल, हे कोणी केलं? मी म्हणेन, आमच्याकडे अशी पद्धत आहे.

मी चपला काढून जोडीने ठेवल्या आणि वॉल्व्हचा दांडा फिरवला.

पाणी खळखळत कुरणात गेलं. पिवळ्या गवताने ते इतक्या हावरेपणाने प्यायलं की साधं डबकंही झालं नाही, नुसता चिखल झाला. कॉलिन येऊन शेवटची धार प्यायला. शेवटी टाकीने ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाली.

त्या शांततेत मला पूनमचंदजींच्या टांक्याचं उरलेलं चित्र आठवलं. मी बॅटरी धरून उभा होतो, आणि घरातल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या राहून तळाचं पाणी कळशी-कळशीने वर घेत होत्या. फडक्याने गाळून माठांत, हंड्यांत, घंगाळात, अगदी मुलांच्या दुधाच्या भांड्यातसुद्धा भरून ठेवत होत्या. एक थेंब बाहेर गेला नव्हता. मी पूनमचंदजींना हसून विचारलं होतं, "ढग तर आलेत, एवढं कशाला?" ते म्हणाले होते, "ढग आले आहेत, पाऊस आलेला नाही."

ते गाव शेकडो वर्षं टिकलं ते एवढ्यावर. नेमकं एवढंच मी हॉलमध्ये सांगायचं विसरलो होतो.

वर बघितलं. ढग सगळे पूर्वेकडे चालले होते, एखाद्या लग्नाची वरात आपल्या घरासमोर न थांबता पुढे जावी तसे. मागे निळं, धुतल्यासारखं आकाश. मी घाबरून घरी पळालो. अर्ध्या वाटेत पायाला खडे टोचले तेव्हा कळलं की चपला तिथेच राहिल्या. परत जायची हिंमत झाली नाही, कारण शिल्पाची गाडी वळणावर दिसत होती.

निकाल

जॉइसने नळ सोडला तेव्हा पंप कोरडा घरघरला. ती धावत टाकीकडे गेली. तिथे उघडा वॉल्व्ह, चिखल, आणि चिखलाच्या मधोमध कॉलिन, दाढी ओली, शिंगं दांड्यावर घासत. असा पुरावा कुठल्या कोर्टाला मिळाला असता तर वकील लागला नसता. वर त्याच्या नावावर पापडांचा आधीचा गुन्हा होताच.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण जॉइस माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही एवढं सगळं शिकवलंत आणि माझ्या बोकडाने बघा काय केलं. माफ करा हं, भाल." मी तोंड मिटलं आणि वर म्हणालो, "नो प्रॉब्लेम." ही तिची दुसरी माफी.

संध्याकाळी ती माझ्या चपला घेऊन आली. "टाकीपाशी होत्या. तुमच्या डेकवरून पळवल्या असणार त्याने. आणि छान जोडीने ठेवल्या होत्या. हुशार आहे तो."

ती गेल्यावर कुमुदने चपलांकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"बोकड चपला पळवतो हे मान्य," ती म्हणाली. "पण काढून, जोडीने लावून ठेवणारा बोकड मी पहिल्यांदाच बघितला."

"उद्या सांगतो तिला."

"सांगा. मी काही बोलणार नाही. माझे पापड खाल्लेत त्याने, मी त्याची वकील नाही."

मग रोज सकाळी चहा देताना ती विचारायची, "आज उद्या आहे का?"

त्या दिवसांत टँकर सांगितला तर आठवडे लागायचे, सगळा मुलूखच रांगेत होता. मी मंदारच्या टाकीतून बादल्या भरून जॉइसकडे पोचवू लागलो. न्यूझीलंडमध्ये येऊन पुण्याला कधी केलं नाही ते केलं, दोन हातांत दोन बादल्या घेऊन, पाणी न सांडता. वाटेने जाणारे गाडी थांबवून म्हणायचे, "गुड ऑन यू, भाल." हॉलच्या नोटीस बोर्डवर माझं कौतुक लागलं. मंदारचे मित्र फोन करायचे, "काका, तुम्ही तर हिरो झालात इथे." जितकं कौतुक व्हायचं तितकी मी बादली गच्च भरायचो.

आणि कॉलिन कुंपणाशी दोरीला बांधलेला असायचा. मी गेलो की तो माझ्याकडे बघायचा. बोकडाचे डोळे आडवे असतात, त्यामुळे तो नक्की काय म्हणतोय ते कळत नाही. मला मात्र कळायचं.

पापाकुराच्या वाटेवर

एका शनिवारी जॉइसने सांगितलं, "टँकर यायच्या आत कॉलिनची सोय करायला हवी. त्याने पुन्हा पाणी सोडलं तर मी काय करू? माझा भाऊ पापाकुराच्या बाहेर राहतो, त्याच्याकडे शेळ्या आहेत." हे बोलताना ती कॉलिनकडे न बघता कुंपणाकडे बघत होती.

रविवारी मंदारने गाडीची मागची अर्धी सीट पाडली. पुढे तो आणि जॉइस, मागे मी आणि आरोपी. कॉलिनने बसल्याबरोबर माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. पहाटेपासून मी एक वाक्य पाठ केलं होतं, जॉइस, इट वॉज नॉट कॉलिन, इट वॉज मी. लहान वाक्य, अवघड शब्द नाही. वाटेत नारुआवाहिया गाव आलं की बोलायचं असं ठरवलं. आलं तेव्हा मंदार क्रिकेटचा स्कोअर ऐकत होता. मग हंटली आलं की बोलू. हंटलीला कॉलिनने माझी उन्हाची टोपी खायला सुरुवात केली.

"अरे देवा, भाल, माफ करा," जॉइस मागे वळून म्हणाली. तिसरी.

"असू दे, असू दे," मी म्हणालो. "खाऊ दे त्याला." आणि उरलेली टोपी मीच त्याच्या तोंडात दिली.

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?" मंदारने आरशातून विचारलं.

पोकेनोला आम्ही आइस्क्रीम घ्यायला थांबलो. तिथे कोनवर इतकं आइस्क्रीम देतात की धरायला दोन हात लागतात. मंदार पैसे द्यायला आत होता. जॉइसने डिकी उघडली, स्वतःचा कोन कॉलिनपुढे धरला आणि तो सगळा संपेपर्यंत तशीच उभी राहिली. त्याची दाढी पुसली. मग नवऱ्याची टोपी काढून चेहऱ्यापुढे धरली. मी शेजारी उभा होतो, माझं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळत होतं. वाक्य जिभेवर होतं. पण रडणाऱ्या बाईला मध्येच काय सांगायचं, असा मी विचार केला, आणि या चांगुलपणाच्या आड लपलो.

पुढे बॉम्बे नावाचं गाव लागतं. खरंच आहे, टेकडीवर, कांद्या-बटाट्याच्या शेतांमध्ये. मुंबईच्या नावाला स्मरून तरी बोलायचं असं ठरवलं. गाव संपलं.

पापाकुराला तिच्या भावाने कॉलिनला उतरवून घेतलं. कॉलिन शेळ्यांकडे गेला नाही. गाडीभोवती फिरून माझ्या बाजूच्या दारापाशी आला आणि दाराच्या दांड्यावर शिंगं घासू लागला.

"बघा, अजून सुधारणा नाही," भाऊ म्हणाला. सगळे हसले.

परतताना हंटलीच्या आसपास काचेवर थेंब पडले. घरी पोचेपर्यंत असा पाऊस लागला की दोन्ही छत्र्या एकदाच्या कामाला आल्या. आम्ही जॉइसच्या व्हरांड्यात उभे राहिलो. पन्हाळीतून पाणी तिच्या टाकीत धबाधबा पडत होतं.

"रिकामी टाकी, आणि वरून ताजा पाऊस," जॉइस म्हणाली. "अगदी तुम्ही सांगितलं होतं तसं. मला वाटतं कॉलिनने तुमचं भाषण ऐकलं असणार."

ती हसली. मीही हसलो. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती का, हे मला आजही ठरवता येत नाही. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. कॉलिन तास-सव्वा तासावर होता, गाडी अजून गरम होती. मी म्हणालो, "चला, कुमुद वाट बघत असेल."

मंगळवारी भर पावसात टँकर आला. ड्रायव्हर काचेआडून बराच वेळ टाकीतून ओसंडणारं पाणी बघत बसला, मग निघून गेला.

आम्ही निघालो त्या दिवशी जॉइसने फिजोआ नावाच्या तिकडच्या फळाच्या जॅमची बाटली दिली. कुमुदने तिला पापड दिले. विमानात कुमुद म्हणाली, "आता उद्या संपला."

गेल्या वर्षी मंदारने फोनवर सांगितलं की जॉइस गेली. कॉलिन तिच्या आधीच गेला होता, म्हातारा होऊन, पापाकुरालाच. तिच्या अंत्यविधीला त्याच हॉलमध्ये तिच्या भावाने सगळ्यांना सांगितलं, दुष्काळात आमच्या कॉलिनने टाकी कशी उघडली आणि भारतातल्या एका सज्जन गृहस्थाने बादल्यांनी पाणी कसं पुरवलं. मंदार म्हणाला, लोक हसले आणि मग रडले. मी फोन ठेवला. कुमुद चहा घेऊन समोर उभी होती.

जॉइस, वॉल्व्ह मी उघडला होता. आमची पद्धत म्हणून जे सांगितलं ते अर्धं होतं, आणि तेवढं अर्धंच मला येत होतं. तुमच्याकडचं शेवटचं वीतभर पाणी मी ढगांच्या भरवशावर सोडून दिलं. तुम्ही माझी तीनदा माफी मागितलीत आणि मी तिन्ही वेळा ती ठेवून घेतली. चपला माझ्या मीच काढल्या होत्या. कॉलिन, तू फक्त पापड खाल्लेस, आणि टोपी, पण ती मीच दिली होती. मला माफ करा.